पुढची सीट, मागची सीट: नवी ई-क्लास, दोन गावांतून

नवी गाडी कशी आहे, हा प्रश्न ड्युसेलडॉर्फमध्ये आणि पुण्यात सारख्याच शब्दांत विचारला जातो, पण अर्थ वेगळा असतो. इथला सहकारी विचारतो तेव्हा गाडी चालवायला कशी आहे, हे त्याला हवं असतं. पुण्यातले मामा विचारतात तेव्हा ती बसायला कशी आहे, हे त्यांना हवं असतं. मर्सिडीज-बेंझच्या नव्या ई-क्लासच्या बाबतीत हा फरक बोलण्यापुरता राहिलेला नाही, तो पत्र्यात उतरला आहे. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या युरोपातल्या ई-क्लासच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २९६१ मिलिमीटर आहे. ऑक्टोबर २०२४ पासून भारतात विकली जाणारी, चाकणला जोडलेली ई-क्लास घ्या, तिथे ते ३०९४ मिलिमीटर आहे. फरक १३३ मिलिमीटरचा, म्हणजे अर्ध्या वितेहून थोडा जास्त.

ही अर्धी वीत कुणासाठी वाढवली आणि त्यातून काय साधलं, हे बघावं म्हणून मी दोन्ही गाड्या अनुभवल्या. मी मोटारींचा पत्रकार नाही. धातूंच्या पृष्ठभागांवर संशोधन करतो, आणि पोस्टडॉकच्या पगारात ही गाडी बसत नाही हे वाचकांना सांगायला नकोच. इथली गाडी शनिवार-रविवारपुरती भाड्यानं घेतली. पुण्यातली एका ओळखीच्या उद्योजकांची, त्यांच्या ड्रायव्हरसकट, दोन दिवस मिळाली. तेव्हा पुढे आहे ते पहिल्या भेटीचं मत. दहा हजार किलोमीटरनंतर त्यातलं काही बदलू शकेल.

बाहेरून

ड्युसेलडॉर्फमध्ये मर्सिडीज ही काही बातमी नव्हे. शहराच्या उत्तरेला डेरेनडॉर्फ भागात कंपनीचा व्हॅनचा कारखाना आहे, आणि आपल्या घरी पार्सल आणणारी स्प्रिंटर तिथेच बनते. मुख्य स्टेशनासमोर टॅक्सीच्या रांगेत ई-क्लास उभ्या असतात, त्या फिकट हस्तिदंती रंगात. हा रंग १९७१ मध्ये जर्मनीतल्या टॅक्सींसाठी सक्तीचा झाला, पुढे काही राज्यांनी सूट दिली. अलीकडे त्या रांगेत जपानी हायब्रिड गाड्या बऱ्याच घुसल्या आहेत, तरी इथल्या माणसाच्या डोळ्यांत ई-क्लासची पहिली ओळख टॅक्सी हीच आहे. त्यामुळे ती शेजारून गेली तरी कुणी मान वळवत नाही. पुण्यात मात्र सिग्नलला दोन्ही बाजूंचे दुचाकीवाले वाकून आत बघतात. एकाच आकारानं एका गावात चारचौघांसारखं दिसायचं आणि दुसऱ्या गावात चारचौघांत उठून दिसायचं, हे काम सोपं नाही.

हे काम एका माणसाला फार चांगलं जमलं होतं. ब्रुनो साको हे मूळचे इटलीतल्या उदिनेचे, आणि १९७५ ते १९९९ या काळात मर्सिडीजच्या डिझाइन विभागाचे प्रमुख. त्यांचा आग्रह असे की नव्या गाडीनं जुन्या गाडीला म्हातारं करू नये. काल गाडी घेतलेल्या माणसाला आज फसवलं गेल्यासारखं वाटू नये. त्यांच्या हाताखाली १९८४ मध्ये आलेली डब्ल्यू १२४ ही मालिका आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असेल, कारण १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात जोडली जाऊ लागलेली भारतातली पहिली मर्सिडीज कार तीच. ड्युसेलडॉर्फला आलात तर क्लासिक रेमिझेला जरूर जा. रेल्वे इंजिनांच्या जुन्या गोल शेडमध्ये जुन्या मोटारी मांडल्या आहेत, आणि प्रवेश फुकट आहे. त्या काळातली एखादी मर्सिडीज तिथे दिसली तर तिच्याभोवती एक चक्कर मारा. दारावर एकही रेघ उगाच नसते. मागचे दिवे खाचांचे, कारण चिखल उडाला तरी खाचेतला भाग स्वच्छ राहतो आणि दिवा दिसत राहतो.

साको सप्टेंबर २०२४ मध्ये गेले, आणि पुढच्याच महिन्यात नवी लांब ई-क्लास भारतात आली. तिच्याकडे साकोंच्या नजरेनं पाहिलं तर बाजूनं ती पास होते. लांब बॉनेट, मागे सरकलेली केबिन, दारावर मोजक्या रेघा. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दाराचा पृष्ठभाग कुठेही न मोडता गडदपासून उजळपर्यंत जातो. असा पृष्ठभाग बनवणं किती कठीण असतं याची मला धंद्यामुळे थोडी कल्पना आहे. हवेचा अडथळा मोजणारा गुणांक ०.२३ आहे. डब्ल्यू १२४ चा ०.२९ होता, आणि त्या काळी त्याचंच कौतुक झालं होतं.

पुढून मात्र ती नापास होते. ग्रिलपासून हेडलाइटपर्यंत एक चकचकीत काळा पट्टा पसरला आहे. तो कंपनीच्या विजेवरच्या गाड्यांची आठवण करून देतो. विजेच्या गाडीला पुढून फार हवा लागत नाही, म्हणून तिथे तो बंद काळा चेहरा शोभतो. ई-क्लासमध्ये त्या चेहऱ्यामागे इंजिन आहे आणि त्याला श्वास घ्यायचा आहे. तेव्हा हा पट्टा म्हणजे दुसऱ्याचा सदरा घालून लग्नाला जाण्यासारखं झालं.

मागचं तर विचारू नका. दोन्ही दिव्यांच्या आत कंपनीचा तारा लाल उजेडात पेटतो. डिकीवर तारा आहेच. पुण्यात फाटकावर नावाची पाटी असते, ते ठीक. पण म्हणून कुणी खिडकीच्या प्रत्येक काचेवर आडनाव रंगवत नाही. साकोंच्या दिव्यात खाच होती, तिला काम होतं. या दिव्यातल्या ताऱ्याला एकच काम आहे, मागच्या गाडीवाल्याला ‘बघ’ म्हणून सांगणं.

आतून

आत शिरल्यावर पडदे दिसतात. ड्रायव्हरसमोर एक, मध्ये १४.४ इंचांचा एक, आणि शेजारच्या सीटसमोर आणखी एक. तिन्ही मिळून डॅशबोर्डभर एकच काच असल्यासारखं वाटतं. जर्मनीत हा तिसरा पडदा वैकल्पिक आहे. मला मिळालेल्या गाडीत तो होता. त्यावर शेजारच्याला सिनेमा बघता येतो, आणि गाडी चालू असताना ड्रायव्हरच्या डोळ्यांना तो दिसू नये अशी सोय आहे. बायकोनं पंधरा मिनिटं एक मालिका पाहिली, मग बंद करून बाहेर ऱ्हाइन पाहिली. ते बरं केलं.

पडद्यांच्या आजूबाजूला चकचकीत काळं प्लास्टिक आहे, आणि त्याबद्दल माझी व्यावसायिक तक्रार आहे. चकचकीत पृष्ठभागावर उजेड आरशासारखा परततो, म्हणून त्यावरचा केसाएवढा ओरखडाही डोळ्यांना टोचतो. खरखरीत पृष्ठभागावर उजेड आधीच विखुरलेला असतो, तिथे ओरखडा लपून जातो. धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते कुठल्याही प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण असतात. आता पुण्यातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हर कोरडं फडकं घेऊन मायेनं डॅशबोर्ड पुसतो आहे. वर्षभरात त्या काळ्या चकाकीवर वर्तुळाकार जाळं उमटणार. शोरूममधल्या पाच मिनिटांसाठी निवडलेला हा पदार्थ आहे, रोजच्या वापराचा विचार त्यात नाही. त्याऐवजी मॅट फिनिशचं लाकूड असेल तर तेच मागा.

स्टिअरिंगवर बटणांच्या जागी स्पर्शाच्या पट्ट्या आहेत. आवाज वाढवायला अंगठा सरकवायचा. बटण न बघता सापडतं, पट्टी शोधायला नजर खाली न्यावी लागते. वळण घेताना तळहात तिला घासण्याची शक्यता असते ती वेगळीच. कंपनीनं पुढच्या मॉडेलांत फिरकी परत आणायला सुरुवात केली आहे, यावरून काय ते समजा.

रस्त्यावर

माझी गाडी ई २२० डी होती. दोन लिटरचं डिझेल इंजिन, १९७ अश्वशक्ती, आणि जोडीला २३ अश्वशक्तीची छोटी विद्युत मोटर. ही मोटर चाकं एकटीनं फार फिरवत नाही. सिग्नल सुटल्यावर डिझेलला जाग येईपर्यंतची पोकळी मात्र ती भरून काढते. बिल्कच्या अरुंद रस्त्यांत, ट्रामच्या रुळांवरून थांबत-सुटत जाताना इंजिन कधी बंद झालं आणि कधी सुरू झालं हे पायाला कळत नाही, कानाला जेमतेम कळतं. डिझेलबद्दल असं लिहिता येईल असं मला वाटलं नव्हतं.

ऱ्हाइनकाठच्या बोगद्यातून बाहेर पडून उत्तरेला, मग ए-५२ नं एसेनच्या दिशेनं निघालो. ताशी १३० ला गाडीत दोन माणसं हळू आवाजात बोलू शकतात. स्टिअरिंग हलकं आहे आणि अचूक आहे, पण गप्प आहे. चाकाखाली रस्ता कसा आहे हे ते हातांना फारसं सांगत नाही. मिंटार्डजवळ रुर नदीचं खोरं ओलांडणारा जवळपास दोन किलोमीटरचा उंच पूल आहे. तिथे वारा बाजूनं ढकलतो. गाडी आपल्याला न विचारता स्वतःला सावरते. आत्मविश्वास वाटतो, पण त्यात आपला हात किती आणि गाडीचा किती, हे कळत नाही. ज्याला चालवण्यात मजा हवी त्याला हे थोडं रुखरुखेल. ज्याला फ्रांकफुर्टला मीटिंगला ताजं पोचायचं आहे त्याला आवडेल.

शहरातल्या दगडी फरसबंदीवर बारीक धक्के आत येतात. माझ्या गाडीत साधं सस्पेन्शन होतं, हवेचं वैकल्पिक आहे. ब्रेकचा पहिला स्पर्श मऊ आहे, पुढे पकड भराभर वाढते. अलगद थांबायला थोडा सराव लागतो. शिवाय जुलै २०२४ पासून युरोपात नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीप्रमाणे हीसुद्धा वेगमर्यादा ओलांडली की टोकते. बंद करता येतं, पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ती पुन्हा टोकायला तयार. लहानपणी शेजारच्या सीटवरून आई हेच काम करायची, फरक इतकाच की आईला बटण नव्हतं.

एक गोष्ट मुद्दाम केली. थोडा वेळ बायकोला चालवायला देऊन मी मागे बसलो. गुडघ्यांपुढे जागा होती, पाय पसरता येत होते. युरोपातली ही ‘छोटी’ ई-क्लास कुठल्याही अर्थानं अडचणीची नाही. ही नोंद पुढे लागणार आहे.

चाकणची

चाकण माझ्या लहानपणी कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जायचं. २००९ मध्ये मर्सिडीजचा स्वतःचा कारखाना तिथे सुरू झाला. तिथे आज जोडली जाणारी लांब ई-क्लास बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ७८.५ लाखांपासून सुरू होत होती. लांब ई-क्लास ही चीन आणि भारत या बाजारांची मागणी. भारतात ती आधीच्या पिढीपासून, २०१७ पासून, मिळते. युरोपात ती विकायला नाही. कारण उघड आहे. जर्मनीत अशी गाडी बहुधा कंपनी देते, तिच्या किमतीचा एक टक्का दरमहा करपात्र उत्पन्नात धरला जातो, आणि साहेब ती स्वतः चालवतो. पुण्यात कंपनी गाडी देते आणि ड्रायव्हरही देते.

मी त्या गाडीत मागे बसून एकदा चाकण परिसरातून शहरात आलो आणि एकदा एक्सप्रेसवेनं मुंबईला गेलो. मागची सीट खरोखर उत्तम आहे. पाठ रेलते, मांडीला आधार मिळतो, पडदे ओढले की मे महिन्याचं ऊन बाहेर राहतं. पुढची डावी सीट आणखी पुढे ढकलली की पाय जवळजवळ लांब करता येतात. लोणावळ्यापर्यंत मी झोपलो होतो, यापेक्षा मोठी शिफारस नाही.

पण हे सगळं त्या १३३ मिलिमीटरमुळे झालं का? लांब गाडी खड्ड्यांवर संथ डुलते असं सांगतात, म्हणून मी हिशोब केला. एक्सप्रेसवेच्या ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेत गाडी सेकंदाला सुमारे २७.८ मीटर जाते. पुढचं चाक खड्ड्यात गेल्यापासून मागचं चाक जाईपर्यंत मिळणारा वेळ या वाढीमुळे जेमतेम पाच सहस्रांश सेकंदानं वाढतो. तो माझ्या कमरेला कळला असं मी म्हणणार नाही. गुडघ्यांचं म्हणाल तर जर्मनीतल्या गाडीतही ते कुठे अडत नव्हते. वाढवलेलं सगळं अंतर मागे गेलं आहे, पुढच्या सीटला त्यातला एक मिलिमीटरही मिळालेला नाही. ही अर्धी वीत गरजेतून आलेली नाही. मागे बसणारा आणि पुढे बसणारा यांच्यात किती अंतर शोभतं, याचा तो एक अंदाज आहे, आणि बाजारानं तो बरोबर ठरवला आहे.

एक्सप्रेसवेच्या फूडमॉलवर चहा घेताना मी ड्रायव्हरदादांना विचारलं, “दादा, गाडी चालवायला कशी आहे?”

त्यांनी आधी शिष्टाचाराचं उत्तर दिलं. “एक नंबर आहे साहेब.”

“तसं नाही. तुम्हाला कशी वाटते?”

मग ते बोलले, आणि मोटारींच्या समीक्षेत मी क्वचितच वाचलं असेल असं बोलले. ब्रेक पहिल्या आठवड्यात फसवा वाटला. मागे साहेब फोनवर असतात, त्यांचा शब्द अडखळला की समजायचं, आपण ब्रेक चुकीचा मारला. स्पीडब्रेकरवर ही गाडी सरळ घ्यायची नाही, तिरकी घ्यायची, नाहीतर लांब पोट खाली टेकण्याची भीती. रात्री मधला पडदा डोळ्यांवर येतो, तो ते काळा करून ठेवतात. सीट लक्षात ठेवणाऱ्या बटणांपैकी एक नंबर साहेबांचा आहे. साहेब महिन्यातून एखाद्या रविवारी चालवतात. दादांचं बटण दोन नंबर. आणि साहेब मीटिंगला गेले की इंजिन बंद, तेव्हा एसी बंद. मग दादा झाडाखाली उभे राहतात, कारण उन्हात बंद गाडीत बसवत नाही.

“आणि हा शेजारचा पडदा?” मी विचारलं.

“तो कुणासाठी आहे, तेच कळलं नाही,” दादा म्हणाले.

त्यांचं बरोबर आहे. पुण्यातल्या त्या गाडीतही तिसरा पडदा होता. जर्मनीत तो शेजारी बसलेल्या नवऱ्याचा किंवा बायकोचा असतो. पुण्यात ती सीट साहेबांच्या पायांसाठी पुढे ढकललेली, रिकामी. लाखो रुपयांच्या गाडीतली ती काच रिकाम्या सीटला चित्रं दाखवत मुंबईपर्यंत जाते. इथे डिझाइनची चूक नेमकी दिसते. भारतासाठी गाडी लांब केली, म्हणजे भारतातली रीत अभ्यासली. पण अभ्यास मागच्या सीटचा झाला. पुढची सीट श्टुटगार्टहून जशीच्या तशी आली. श्टुटगार्टच्या कल्पनेत पुढे बसणारा माणूसच गाडीचा मालक असतो.

मत

ई-क्लास चालवायला चांगली आहे आणि बसायला फार चांगली आहे. बाजूनं देखणी, पुढून गोंधळलेली, मागून बढाईखोर. स्वतः चालवणार असाल तर हवेचं सस्पेन्शन घ्या आणि तिसरा पडदा सोडा. इतकं सांगून हा लेख संपला असता.

पण वाचकहो, आपण परदेशात राहणारी माणसं दोन्ही सीटवर बसतो, आणि हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. इथे आपण स्वतः चालवतो. टायर बदलायची तारीख आपणच लक्षात ठेवतो, रविवारी काच आपणच पुसतो, आणि स्टिअरिंग गप्प आहे म्हणून आपणच कुरकुरतो. डिसेंबरात विमान उतरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सहज मागचं दार उघडतो. कालपर्यंत ज्या गोष्टींवर आपलं मत होतं त्या आता दुसऱ्या कुणाच्या हातात असतात, आणि त्या माणसाचं मत विचारायचं आपल्याला सुचत नाही. गाडीच्या दर्जाबद्दल आपण मागच्या सीटवरून बोलू लागतो. त्या सीटवरून ब्रेक दिसत नाही, पडद्याची तिरीप दिसत नाही, झाडाखालचा तास दिसत नाही.

मागे बसण्यात पाप नाही. पुण्याच्या वाहतुकीत रोज चार तास घालवणाऱ्यानं ड्रायव्हर ठेवला तर त्यातून एक घर चालतं. माझी हरकत त्या अर्ध्या वितेलाही नाही. हरकत एवढीच की मी वाचलेल्या समीक्षा गाडीचं भारतीयपण मागच्या सीटच्या इंचांत मोजतात. गाडी जो दिवसाचे दहा-बारा तास हाताळतो तो तिचा पहिला वापरकर्ता आहे, आणि बहुधा सर्वांत जाणकारही. कंपनीनं पुढची लांब गाडी आखताना त्याच्याशी बोलावं. रिकाम्या सीटसमोरच्या पडद्याचा खर्च वाचवून उभ्या गाडीत त्याला गार हवा मिळण्याची सोय करता येते का, ते बघावं. हे अवघड असेल, पण पाच मीटर लांबीची गाडी ०.२३ गुणांकानं हवेतून सरकवणाऱ्यांना अशक्य नसावं.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. तिकडे कुणी नातेवाईक ही गाडी घ्यायला निघाले आणि तुमचा सल्ला मागितला, तर सांगा की शोरूममध्ये ड्रायव्हरला बरोबर घेऊन जा. टेस्ट ड्राइव्ह त्यांना घेऊ द्या, तुम्ही मागे बसा. परत आल्यावर सेल्समनच्या आधी त्यांना विचारा. पहिलं उत्तर ‘एक नंबर आहे’ असं येईल. दुसऱ्यांदा विचारा.